ईर्षेच्या मॅचनं काय कळतं आणि काय कळत नाही

तासगावच्या एका मुलानं विचारलंय: "सप्टेंबर 2025 मध्ये कोलंबोत आपल्या सतरा वर्षांखालच्या टीमनं पाकिस्तानला 3-2 नं हरवलं, तेव्हापासून आमच्या मित्रांत एकच चर्चा आहे. ही पोरं मोठी झाली की 2034 चा वर्ल्ड कप खेळणार. घरी वडील आणि काका हसतात. म्हणतात, दर चार वर्षांनी हेच ऐकतोय. सर, तुम्ही पोरं घडवता. आम्ही उगाच हुरळून गेलोय का?"

वयानं तू माझ्या जुन्या खेळाडूंएवढा असशील, म्हणून अरे-तुरेच करतो. सांगलीत मी बावीस वर्षं मुलांना फुटबॉल शिकवतोय, त्याआधी दहा-बारा वर्षं स्वतः खेळलो. त्यातून जे समजलं ते सांगतो. थोडं लांबेल, पण एका ओळीत हो किंवा नाही म्हटलं तर तुझ्यावरही अन्याय होईल आणि त्या पोरांवरही.

पहिलं म्हणजे, आनंद झाला म्हणून कुणापुढं ओशाळू नकोस. ती मॅच आम्ही नऊ जणांनी एका मोबाईलभोवती बसून बघितली. पाकिस्ताननं दोनदा बरोबरी केली आणि दोन्ही वेळा आपण परत पुढं गेलो. 2-2 झालं तेव्हा माझ्या शेजारचा चौदा वर्षांचा गोलकीपर डोळे गच्च मिटून बसला. तिसरा गोल झाला तेव्हा त्याला दंडाला धरून हलवून सांगावं लागलं. बरोबरीचा गोल खाल्ल्यावर सोळा वर्षांच्या पोरांच्या माना कशा खाली जातात, हे मी शेकडो वेळा बघितलंय. एकदा मान खाली गेली की पुढची दहा मिनिटं कुणी बॉल मागत नाही. कोलंबोत दोनदा तो प्रसंग आला आणि दोन्ही वेळा ही पोरं सावरली. हे जमेस धर.

आता तुझा खरा प्रश्न. तुला हुरळण्याबद्दल विचारायचं नाहीये. तुला विचारायचंय की या विजयावरून पुढच्या आठ-नऊ वर्षांचा अंदाज बांधता येतो का. त्यासाठी ईर्षेची मॅच म्हणजे काय ते आधी बघावं लागेल.

आमच्या खेळायच्या दिवसांत सांगली विरुद्ध मिरज मॅच असली की आठवडाभर झोप नसायची. एका वर्षी आम्ही मिरजेला 2-1 नं हरवलं. लोकांनी खांद्यावर घेऊन गुलालात न्हाऊ घातलं. मीही समजलो, आपण भारी टीम झालो. त्याच स्पर्धेत तीन दिवसांनी कोल्हापूरच्या एका पेठेची टीम समोर आली आणि आम्ही पाच गोल खाल्ले, एकही न करता. हाफ टाइमला लिंबाच्या फोडी चोखत बसलो होतो तेव्हा माझ्या डोक्यात आलं की मिरजेविरुद्ध आम्ही सलग चार पाससुद्धा दिले नव्हते. अंगावर धावलो, टॅकल केले, उंच बॉल मारले, आणि तेच समोरच्यांनी केलं. दोघांची उणीव सारखीच होती, म्हणून ती झाकली गेली. कोल्हापूरची पोरं आमच्या अंगावर आलीच नाहीत. ती जागेवर उभी राहून बॉल पळवत होती आणि आम्ही त्याच्यामागं.

ईर्षेच्या मॅचचं हेच असतं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे तिथले दोन क्लब समोरासमोर आले की गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. ती मॅच बघून मला कुठल्या पोराचं काळीज केवढं आहे ते नक्की कळतं. दडपणाखाली कोण बॉल मागतो, कोण लपतो, पेनल्टीला कोण स्वतःहून पुढं येतो, हे तिथं उघड होतं. पण टीमचा दर्जा किती, ते कळत नाही. दर्जा कळायला अनोळखी आणि आपल्यापेक्षा वरचा प्रतिस्पर्धी लागतो. आपल्या भागात कुस्ती कळणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. जत्रेच्या फडात शेजारच्या गावचा पैलवान चितपट केला तर ढोल वाजणारच, पण वस्ताद त्यावरून हिंदकेसरीची गणितं मांडत नाही.

म्हणून मला कोलंबोपेक्षा अहमदाबाद मोठं वाटतं, आणि तुझ्या प्रश्नात ते नाहीच, याचं वाईट वाटलं. 30 नोव्हेंबर 2025. आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीतली शेवटची मॅच, समोर इराण. दोनच दिवसांपूर्वी आपण लेबनॉनकडून 0-2 हरलो होतो, त्यामुळं बरोबरी पुरणार नव्हती. पहिला गोल इराणनं केला. तिथून आपण 2-1 नं जिंकलो आणि सौदी अरेबियातल्या 2026 च्या सतरा वर्षांखालील आशियाई स्पर्धेत गेलो. गोल करणारे दोघे, डल्लालमुओन गंगटे आणि गुनलेईबा वांगखेइराकपम, यांनी पाकिस्तानविरुद्धही गोल केले होते. कोच बिबियानो फर्नांडिस. इराण आपल्या ओळखीचा, आपल्या बरोबरीचा संघ नाही. तिथं काळजाबरोबर खेळही लागतो. तुमच्या मित्रांना आशा ठेवायचीच असेल तर त्या मॅचवर ठेवा, तिचा पाया जास्त भक्कम आहे.

आता काका का हसतात ते. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांचे हात पोळलेत. ऑगस्ट 2018 मध्ये आपल्या वीस वर्षांखालच्या पोरांनी स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत अर्जेंटिनाच्या वीस वर्षांखालच्या टीमला 2-1 नं हरवलं. अर्जेंटिनाला! मी त्या दिवशी ग्राउंडवर पेढे वाटले होते. 2023 मध्ये मोठ्या टीमनं बंगळुरूत पाकिस्तानला 4-0 नं हरवलं, सुनील छेत्रीनं हॅटट्रिक केली, मग कुवेतला पेनल्टीवर हरवून दक्षिण आशियाचा सॅफ चषक घेतला, आणि त्या जुलैत फिफाच्या क्रमवारीत आपण 99 वे झालो. तेव्हाही सगळे असेच बोलत होते. सहा महिन्यांनी कतारमधल्या आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया, तिन्ही मॅच हरलो. तीन मॅचमध्ये आपला एक गोल नाही. आणि अगदी ताजं सांगायचं तर, आपल्या पोरांनी 2025 च्या सप्टेंबरमध्ये कोलंबोतल्या त्याच सतरा वर्षांखालच्या सॅफच्या फायनलला बांगलादेशला पेनल्टीवर हरवलं, आणि 18 नोव्हेंबरला ढाक्यात मोठी टीम त्याच देशाकडून 0-1 नं हरली. त्याआधीच 2027 चा आशिया चषक हातचा गेला होता. त्यानंतर बारा दिवसांनी पोरांनी इराणला हरवलं.

म्हणजे पोरं जिंकतात आणि मोठी माणसं अडखळतात, हे एकाच देशात, एकाच महिन्यात घडतंय. कोडं इथं आहे. पोरांत गुणवत्ता आहे की नाही, हा वादच नाही. सतरा ते एकवीस या चार वर्षांत नेमकं काय होतं, ते बघायला हवं.

आधी शरीराचं बोलतो, कारण प्रेक्षकांना ते दिसत नाही आणि कोचला रोज दिसतं. आमच्या सामानाच्या खोलीच्या दाराला आतल्या बाजूनं पेन्सिलच्या रेघा आहेत. दर जून आणि डिसेंबरला प्रत्येक पोराला बूट काढून दाराला टेकवून उभं करतो, रेघ मारतो, शेजारी नावाचं पहिलं अक्षर आणि तारीख. काही वर्षांपूर्वीची दोन अक्षरं अजून तिथं आहेत. एक पोरगा तेराव्या वर्षी पाच फूट सातला पोचला होता, ओठावर मिसरूड. शाळांच्या सुब्रतो कपच्या जिल्हास्तरीय सामन्यांत तो बॉल पुढं ढकलायचा आणि नुसता पळून गोल करायचा. दुसरा त्याच वयाचा, पाच फूटही नव्हता. त्याला पळून कुणाला मागं टाकता येत नव्हतं, म्हणून तो बॉल यायच्या आधी मान वळवून मागं कोण आहे ते बघायला शिकला. दोन्ही पायांनी बॉल थांबवायला शिकला. सोळा-सतराव्या वर्षी सगळ्यांच्या रेघा जवळजवळ आल्या. पहिल्याला कळेना की आता काय करायचं. वर्षभरात त्यानं ग्राउंडवर येणं सोडलं. दुसरा पुढं राज्याच्या टीमपर्यंत खेळला. पहिल्याच्या बाबतीत चूक माझी होती. तो गोल करतोय म्हणून मी खूष होतो, त्याला थांबवून डावा पाय शिकवला नाही.

यात वय चोरण्याचा प्रश्न नाही, तो वेगळाच. 2009 पासून सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला फिफा मनगटाचा एमआरआय काढून बघते, तो त्यासाठीच. पण जन्मतारीख शंभर टक्के खरी असली तरी दोन पंधरा वर्षांच्या पोरांच्या शरीरात दोन-तीन वर्षांचं अंतर असू शकतं. त्यात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात. म्हणून लहान वयोगटातल्या निकालांवरून मोठ्या टीमचं भाकीत करू नये. नायजेरियानं सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप पाच वेळा जिंकलाय, जगात सर्वांत जास्त. त्यांची मोठी टीम वर्ल्ड कपला आजवर अंतिम सोळांच्या पुढं गेलेली नाही.

ईर्षेच्या विजयाचं उदाहरणही दूरचं बघ. 2021 मध्ये अमेरिकेच्या कोवळ्या टीमनं मेक्सिकोला सहा महिन्यांत तीनदा हरवलं: नेशन्स लीगची फायनल, गोल्ड कपची फायनल, आणि वर्ल्ड कप पात्रतेची मॅच. तिकडंही हेच वातावरण होतं, पोरं विशी-बाविशीची, आता आपलाच काळ. 2022 च्या वर्ल्ड कपला ते अंतिम सोळांत नेदरलँड्सकडून 1-3 हरले, आणि 2024 च्या कोपा अमेरिकेत घरच्या मैदानावर गटातच बाहेर. पोरं वाईट नव्हती. मेक्सिको हे मोजायचं मापच चुकीचं होतं.

मग त्या चार वर्षांत लागतं काय? माझं उत्तर एका शब्दात: मॅच. प्रॅक्टिस नव्हे, खऱ्या मॅच, आपल्यापेक्षा दांडग्या माणसांबरोबरच्या. नव्वद मिनिटांच्या मॅचमध्ये एका खेळाडूच्या पायात बॉल सगळा मिळून दोनेक मिनिटं असतो. उरलेला वेळ तो कुठं उभं राहायचं, कधी निघायचं, कुणाला झाकायचं हे ठरवत असतो. ते ठरवणं अठराव्या वर्षी तीस वर्षांच्या डिफेंडरसमोर चुकून चुकूनच येतं. मैदानावर प्लास्टिकचे शंकू ठेवून केलेल्या सरावात ते येत नाही, कितीही घाम गाळा. आमच्याकडं सांगलीत सतरा वर्षांच्या चांगल्या पोराला वर्षाला दहा-बारा चुरशीच्या मॅच मिळतात. मी त्या वाढवायला पोरांना घेऊन एसटीनं कोल्हापूर, बेळगाव करत असतो. त्याला पस्तीस-चाळीस लागतात. देशाच्या टीममधल्या पोराची अडचण वेगळी दिसते, पण मूळ तेच आहे. नाव झालं की मोठा क्लब त्याला घेतो, आणि मग तो बेंचवर बसतो.

2017 ची बॅच आठव. सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप आपल्याकडं झाला, दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगनं भारताचा पहिला वर्ल्ड कप गोल केला. आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या टीममध्ये होता. तेव्हा सांगलीतसुद्धा पालक मुलांना घेऊन ग्राउंडवर यायला लागले. तिन्ही मॅच हरूनही त्या बॅचमधून जीक्सन, सुरेश सिंग, अन्वर अली असे मोठ्या टीमचे खेळाडू मिळाले. हे काही आपोआप झालं नाही. फेडरेशननं इंडियन अ‍ॅरोज नावाची पोरांची टीम परत उभी करून थेट आय-लीगमध्ये, म्हणजे मोठ्यांच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरवली होती. ती पोरं हरायची, पण दर आठवड्याला मोठ्या माणसांशी खेळून हरायची. 2022 मध्ये ती टीम बंद केली. मला तो निर्णय तेव्हाही चुकीचा वाटला, आजही वाटतो.

उलट बाजूला उझबेकिस्तान बघ. त्यांनी 2021 मध्ये ताश्कंदला ऑलिम्पिक नावाचा क्लब काढला, तोच विचार, निवडलेली तरुण पोरं मोठ्यांच्या लीगमध्ये. 2023 ला वीस वर्षांखालचा आशिया चषक त्यांनी जिंकला, 2024 ला पहिल्यांदा ऑलिम्पिकला गेले, आणि 2026 च्या वर्ल्ड कपला इतिहासात प्रथमच पात्र झाले. त्यांचा अब्दुकोदिर खुसानोव्ह अठराव्या वर्षी बेलारूसच्या लीगमध्ये खेळायला गेला. नाव नसलेली लीग, पण दर आठवड्याला मैदानावर. तिथून फ्रान्स, आणि विशीत मँचेस्टर सिटी. मोठ्या क्लबच्या बेंचपेक्षा छोट्या क्लबचं मैदान बरं, हे मी पालकांना बावीस वर्षं सांगतोय.

आपल्याच मातीतलं उदाहरण द्यायचं तर कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. इथल्या फडात त्यांना तोड नव्हती. 1948 ला लंडनला गेले, मातीऐवजी मॅट, सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक. दोन ऑलिम्पिकच्या मधल्या चार वर्षांत त्यांनी काय मेहनत घेतली ते लोक सांगतात, पण त्यांना पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं, हेही लक्षात ठेवायला हवं. गुणी पोराच्या मागं त्या मधल्या वर्षांत कुणीतरी उभं राहावं लागतं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे तेही मोकळेपणानं मांडतो. आयएसएलचा, म्हणजे देशातल्या सर्वांत वरच्या लीगचा, 2025-26 चा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही, क्लबांनी सराव थांबवले. लीगचं असं झालं तर सतरा वर्षांच्या पोराला संधी कोण देणार? दुसरं, गुडघा. एका चुकीच्या वळणात पोराचं वर्षभर जातं, आणि परत येणं डॉक्टर, फिजिओ, घरचे यांच्यावर ठरतं. तिसरं घर. ईशान्येकडची बरीच पोरं साध्या घरांतून येतात. अठराव्या वर्षी कमाईचा प्रश्न दारात उभा असतो. यातलं काहीही त्या पोरांच्या हातात नाही.

2034 चं म्हणशील तर गणित असं. या गटातली पोरं 2009 किंवा त्यानंतर जन्मलेली. सौदीतल्या त्या वर्ल्ड कपला ती पंचविशीच्या आत-बाहेर असतील, फुटबॉलपटूचं ऐन भराचं वय. वर्ल्ड कपमधल्या टीम 48 झाल्यापासून आशियाला थेट आठ जागा आहेत. 2026 साठी त्या जपान, इराण, उझबेकिस्तान, दक्षिण कोरिया, जॉर्डन, ऑस्ट्रेलिया, कतार आणि सौदी अरेबियानं घेतल्या. जॉर्डनही पहिल्यांदाच गेला, म्हणजे दार अगदी बंद नाही. पण यातल्या कुणाला तरी मागं टाकावं लागेल, एका मॅचला नाही, दोन वर्षांच्या पात्रता फेरीत. आज मला कुणी पैज लावायला सांगितली तर 2034 वर मी लावणार नाही. 2031 च्या आशिया चषकाला पात्र होऊन गटातून पुढं जाणं, ही आशा मात्र मी स्वतः बाळगून आहे आणि ती मला अवास्तव वाटत नाही. त्याच्याही आधी सौदीतली 2026 ची स्पर्धा आहे. तिथं उपांत्यपूर्व फेरी गाठली तर थेट सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप. नाही गाठली तरी पोरांना नावं ठेवू नका, सोळा वर्षांची आहेत.

तुला एक काम सांगतो, माझ्या पोरांनाही दिलंय. शंभर पानी वही घे. या टीममधले पाच खेळाडू निवड, प्रत्येकाला वीस पानं. दर महिन्याच्या शेवटी लिही: कुठल्या क्लबात आहे, किती मॅच झाल्या, त्यातल्या किती सुरुवातीपासून खेळला, एकूण मिनिटं किती. गोल लिहिले नाहीस तरी चालेल. अठराव्या वर्षी मिनिटांचा आकडा हजाराच्या वर गेला तर नावाखाली लाल रेघ मार. एकविसाव्या वर्षी पाचांपैकी तिघांच्या नावाखाली रेघ असेल तर तुझ्या मित्रांना खुशाल 2034 बोलू दे, मीही त्यांच्यात येऊन बसेन.

पहिले सहा महिने भरले की वही घेऊन सांगलीला ये. रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही ग्राउंडवर असतो. काकांनाही आण. 2018 ला अर्जेंटिनाला हरवलं तेव्हा त्यांना काय वाटलं होतं, ते माझ्या पोरांनी त्यांच्या तोंडून ऐकावं असं फार वाटतं.